तुझ्या सीटचं बटण

३ मार्च

ताई,

नमस्कार-चमत्कार लिहीत नाही, तू वाचून तोंड वाकडं करशील. फोन केला की माझा आवाज ऐकून ठेवतेस. सहा वर्षं हेच चाललंय. म्हणून कागद घेतला. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तूच म्हणायचीस. वाच कसंतरी.

कामाचं बोलते. तुझ्या नावानं एक पाकीट येईल. चौकशी समितीचं आहे, वर शिक्का असेल. शिक्का बघून घाबरू नकोस. आपल्या कारखान्याच्या त्या सीटची चौकशी लागलीय. एक शाळामास्तर, उंच माणूस, अकरा तास विमानात तिच्यावर बसून गेले. उतरले तेव्हा पाय खांबासारखा सुजलेला. आत रक्ताची गाठ झाली होती, ती वर छातीत गेली. जगले, पण आता त्यांना जिना चढवत नाही. त्यांनी तक्रार केली. समितीनं विमान कंपनीला विचारलं, इतक्या खेटून सीटा लावायची परवानगी मिळाली कशी? कंपनी म्हणाली, कारखान्यानं माणसं बसवून तपासल्यात. कारखाना म्हणाला, हे घ्या कागद. आणि कागदांत सगळ्यात वर तुझा.

त्या चाचणीला आपण बाराजणी बसलो होतो. त्यात अंगानं भरलेली अशी तू एकटी. विमान कंपनीची अटच होती की एक तरी तसं माणूस हवं, आणि ते चार तास बसून ‘ठीक आहे’ म्हणालं तरच सीट पास. तुझ्या कागदावर आठही वेळा हिरवं आहे.

पाकिटात प्रश्न एकच असेल. ‘हिरवं बटण आपण स्वतः दाबलं का?’ खाली दोन चौकोन, हो आणि नाही. तू ‘हो’वर खूण कर, सही कर, परत पाठव. पाच मिनिटांचं काम.

तुला काय वाटेल ते मला ठाऊक आहे. पण इथं बेचाळीस बायका मशिनीवर बसतात. सीट नापास ठरली तर शिलाई खात्याला टाळं, असं इंचसाहेब म्हणालाय. हो, तोच अजून. डोक्यावरचे केस गेले, खिशातली पट्टी तशीच आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती आता कशाला उघडायची? झालं ते झालं. तेही सहा वर्षांपूर्वी.

खूण ‘हो’वर. विसरू नकोस.

तिकडे तुझ्या लेकीला, चिमीला, आशीर्वाद. तिच्या पोरीलाही. तिला मी अजून पाहिलेली नाही.

काडी

१४ मार्च

ताई,

पाकीट पोचलं असणार. तुझं एक अक्षर नाही. मला नकोच आहे, समितीला पाठवलंस की पुरे. पण पाठवलंस का, तेवढं तरी चिमीकडून कळवायचं. भिंतीशी बोलल्यासारखं होतं मला.

चौकशीवाल्या बाई येऊन गेल्या. मला वाटलं होतं मोठी गाडी, चार माणसं. तर ही एकटी, पायात कापडी बूट, हातात स्वतःची टेप. आल्या त्या थेट चाचणीसाठी बांधलेल्या लाकडी विमानात शिरल्या. इंचसाहेब मागून धावतोय, ‘मॅडम, आधी ऑफिसात बसू या.’ बाई म्हणाल्या, ‘बसायचंच आहे, इथंच बसते.’ आणि तिसऱ्या ओळीत बसून गुडघ्यापासून पुढच्या पाठीपर्यंत टेप लावली. इंचसाहेबाचा चेहरा बघायला हवा होतास. त्याच्या इंचांना दुसरं कुणी हात लावतंय हे त्याला पहिल्यांदाच.

मग मला बोलावलं. म्हणाल्या, ‘नऊ नंबरच्या शेजारी तुम्ही होतात?’

‘हो.’

‘नऊ नंबर तुमच्या कोण?’

‘बहीण. थोरली.’

‘बटण त्यांनी स्वतः दाबलं?’

‘नाहीतर काय भूत दाबणार?’

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘असंच लिहू?’ म्हटलं, लिहा. त्यांनी लिहिलं, मी सही केली. मराठी चौथीपर्यंतची सही, तुझ्याच हाताखाली गिरवलेली.

आता मी तसं सांगितलंय, तर तूही तसंच लिही. नाहीतर एक बहीण हो म्हणते, एक नाही म्हणते, लोकांना तमाशा.

तू म्हणशील, आधी कबूल तर कर. बरं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. केलं कबूल. बटण मी दाबलं.

पण काय झालं होतं तेही आठव ना. इंचसाहेब वर्षभर सीटच कापत होता. आधी फोम अर्धा इंच पातळ. मग पाठ पातळ. मग पुस्तकं ठेवायचा खिसा गुडघ्याजवळून काढून वर नेला, म्हणजे गुडघ्याला इंचभर जागा मिळाली आणि तो इंच लगेच मागच्या ओळीला देऊन टाकला. असं करत करत तीस ओळींच्या जागी बत्तीस ओळी. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. यानं अंथरूणच इतकं कापलं की पाय घरी ठेवून यावं लागेल. हे मी नाही, तूच म्हणाली होतीस डबा खाताना, आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या होत्या.

चाचणीच्या दिवशी दर अर्ध्या तासानं घंटा. घंटा झाली की प्रत्येकीनं एक बटण दाबायचं. हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे चालवून घेते, लाल म्हणजे नाही. बटणं कुठं, तर हात टेकायच्या दांडीच्या आतल्या अंगाला, मांडीपाशी. मी बारकी, माझा हात सुळकन जायचा. तुझी मांडी दांडीला घट्ट लागलेली, बोट घालायला फट नाही. तू हात उंच करून इंचसाहेबाला दाखवलंस. तो काचेच्या खोलीतून माईकवर म्हणाला, ‘शेजारची दाबेल.’

खरं तर तिथंच सीट नापास होती. बटण दाबायला हात जात नाही ती सीट कसली. पण तो म्हणाला शेजारची दाबेल, आणि शेजारची मी.

आठ घंटा झाल्या. तू आठ वेळा म्हणालीस लाल. मी आठ वेळा हिरवं दाबलं. दांडीच्या माझ्याकडच्या बाजूनं हात घालून, तुझ्या मांडीखालून. तुला दिसत नव्हतं. संध्याकाळी सीट पास झाल्याचं सांगितलं तेव्हा तुला कळलं, आणि तू माझ्याशी बोलणं सोडलंस.

मोठी ऑर्डर होती, ताई. महिनाअखेर सीट पास झाली नसती तर काम दुसरीकडे गेलं असतं. तुझं पण गेलं असतं. आणि मला सुपरवायझर करणार होता हे मी तुला सांगितलं नव्हतं, ते आता सांगते. चाचणीच्या आदल्या दिवशी म्हणाला होता, ‘बहिणीला जरा समजाव, तुझंही बघू.’ मी तुला समजावलं नाही. तुला समजावणं म्हणजे दगडावर पाणी. मी दाबूनच टाकलं.

‘हो’वर खूण कर.

काडी

२ एप्रिल

ताई,

दोन आठवडे लिहिलं नाही. आज लिहिते ते ‘हो’साठी नाही.

मी चिमीला फोन केला होता, तू बाहेर गेली असशील अशा वेळी. आधी तिनंही आढेवेढे घेतले, ‘मावशी, आईला कळलं तर...’ म्हटलं, कळू दे, पाकिटाचं काय केलं ते सांग. ती म्हणाली आईनं मला काही दाखवलं नाही. मग म्हणाली, ‘मावशी, आई इकडे आली तेव्हा विमानात काय झालं, तुला माहीत आहे?’

मला माहीत नव्हतं. कोण सांगणार?

चिमी म्हणाली, विमानात शिरल्या शिरल्या तू सीट ओळखलीस. खोळीची किनार बघून. बसायचा प्रयत्न केलास, दांडी वर करून बघितलीस, ती होत नव्हती. बाजूला एक तरुण बाई मांडीवर बाळ घेऊन होती, ती बिचारी भिंतीला चिकटली. तेव्हा तू उठलीस. जेवणाच्या गाडीला वाट देत, संडासाच्या बाहेर जरा मोकळी जागा असते तिथं, उतरेपर्यंत उभी राहिलीस. विमान हललं की येऊन बसायला सांगायचे, तेवढ्यापुरती टेकायचीस, परत उभी. अकरा तास. चिमी न्यायला आली तर तुझ्या पायात चपला जात नव्हत्या, हातात धरून बाहेर आलीस.

आणि तिनं विचारलं, कुठली सीट होती, तर म्हणालीस, ‘चांगली होती गं, मलाच बसवत नव्हतं.’

मी ‘ठेवते’ म्हणून फोन ठेवला. तुला ठाऊक आहे, फोन आधी मी कधी ठेवत नाही.

रविवारी कारखाना बंद असतो. सकाळी मी गेले. किल्ली माझ्याकडे असते. कापायच्या टेबलावर चांगला फोम घेतला, चार इंची. तुझं माप मला तोंडपाठ, तुझे सगळे कपडे मीच शिवले. तेवढं भरेल असं दोन्ही बाजूंना, मांड्यांना, पोटावर फोम लावून वरून चादर गुंडाळली, सेफ्टी पिना मारल्या. उंची कुठून आणणार? पाठीमागे एक तुकडा ठेवला म्हणजे गुडघे तुझ्याइतके पुढे गेले. आणि लाकडी विमानात जाऊन नऊ नंबरवर बसले.

बसले कसली, ठेचली. दोन्ही दांड्या बरगडीखाली रुतल्या. गुडघे पुढच्या पाठीला, श्वास घेतला की चादर ताणायची. बटणाकडे हात घालून बघितला. नखसुद्धा गेलं नाही. ताई, माझ्या अंगावर फोम होता. दुखलं तर फोमला दुखणार. तरीही वीस-पंचवीस मिनिटांत पाठीला कळ लागली आणि पायाला मुंग्या. तुला चार तास.

उठायला गेले तर उठता येईना. हसू नकोस. हस, हसलीस तरी चालेल. शेवटी वॉचमनला हाका मारल्या. तो आला, बघतो तर मी फुगलेल्या बेडकीसारखी अडकलेली. म्हणाला, ‘बाई, हे काय सोंग?’ म्हटलं, ‘सोंग नाही, बहीण आहे. ओढ.’ त्यानं दोन्ही हात धरून ओढलं. दोन पिना त्याच्या हाताला लागल्या. अजून कारखानाभर सांगतोय.

परत येऊन फोम कापायच्या टेबलावर ठेवला तर त्याला तुझा आकार आलेला. मी तो मोडला नाही, तसाच ठेवून घरी आले.

मागच्या पत्रात मी ऑर्डरचं लिहिलं. मग सुपरवायझरचं लिहिलं. दोन्ही खरं. पण त्यानं पुरं होत नाही. तिसरं लिहिते.

बाकीच्या पोरी तुला हसत होत्या. तू सीटमध्ये शिरताना मागून कुणीतरी म्हणालं, ‘हिला दोन तिकिटं लागतील.’ दुसरी म्हणाली, ‘आणि काडीला अर्धंच, हिशोब फिटला.’ तू ऐकलंस आणि त्यांच्याबरोबर हसलीस. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांचा राग यायला हवा होता, तो मला तुझा आला. वाटलं, ही एवढी का आहे. ही दरवेळी का अडते, दारात, रिक्षात, शिडीवर. सगळ्यांना होतं ते हिलाच का होत नाही. लाल दाबलं असतं तर काचेच्या खोलीत लाल दिवा लागला असता, सगळ्यांनी माना वळवल्या असत्या. मला तो दिवा नको होता.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची. तू तेरा. मला कडेवर घेऊन कामाला जायचीस, पाठीला पोक येईल म्हणून लोक ओरडायचे. शिलाई खात्यात मला चिकटवलंस तूच. आणि मला तुझ्या अंगाची लाज वाटली. लिहून टाकलं. आता फाडायचं तर फाड.

काडी

८ एप्रिल

ताई,

थोडक्यात लिहिते.

मंगळवारी समितीच्या ऑफिसात गेले. बाई जेवत होत्या, डबा बाजूला सारला. म्हटलं, माझा आधीचा कागद खोटा आहे. बटण मी दाबलं. बहिणीला हात घालायला जागा नव्हती, तिनं मला दाबायला सांगितलं लाल, मी दाबलं हिरवं. बाईंनी तीन वेळा विचारलं, कुणी तुम्हाला हे सांगायला भाग पाडलं का? म्हटलं, मला भाग पाडणारा अजून जन्माला यायचाय. सगळं लिहून घेतलं. ‘शेजारची दाबेल’ हेही. इंचसाहेबाचं नाव लिहायला सांगताना मला त्याचं खरं नाव आठवेना, एवढी वर्षं इंचसाहेब इंचसाहेब करतोय.

बुधवारी त्यानं बोलावलं. दार लावलं. म्हणाला, ‘तुला कळतं का तू काय केलंस?’

‘तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं.’

‘सहा वर्षं पगार घेतलास ना सुपरवायझरचा?’

‘घेतला.’

‘मग आता एकदम साक्षात्कार?’

‘नाही हो. उशीरच झाला.’

तो खाली बसला. म्हणाला, ‘मी एकटा होतो का? वरून म्हणायचे, अजून एक ओळ, अजून एक ओळ.’ पहिल्यांदाच त्याच्या हातात पट्टी नव्हती. मला वाईट वाटलं, आणि राग पण आला, ‘मी एकटी होते का’ असं मलाही म्हणता आलं असतं म्हणून.

मला परत मशिनीवर बसवलंय. ते ठीक आहे, मशिनीवर माझं डोकं शांत असतं. बायका बोलत नाहीत. नवीन काम थांबलंय, पुढं काय कुणालाच माहीत नाही. आपली जुनी काज-बटणवाली, जिचा आवाज मोठा, ती सगळ्यांदेखत म्हणाली, ‘सहा वर्षांनी तोंड उघडलं, ते पण आमच्या पोटावर पाय देऊन.’ करून सवरून नामानिराळी राहिले असते तर याच बायकांनी मला पाणी आणून दिलं असतं. तिचं चुकत नाही. शाळामास्तरांचंही चुकत नाही. चूक बसली होती तुझ्या शेजारी.

तू आता कागदावर जे खरं ते लिही. माझी काळजी करू नकोस. मी सांगून मोकळी झालेय.

मोकळी झाले असं लिहिलं खरं. जेवण जात नाही.

काडी

२२ एप्रिल

ताई,

काल बाईंनी परत बोलावलं. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक माझा. दुसरा तुझा.

तुझा कागद एकवीस मार्चला तिकडून टाकलेला. म्हणजे माझं दुसरं पत्र तुझ्या हातात पडायच्याही आधी. फक्त पहिलं वाचलंस, ज्यात मी ना माफी मागितली ना काही. नुसता हुकूम सोडला, आणि तू ‘हो’वर खूण केलीस. सही तुझी, खाली रेघ मारायची सवय तुझी. ‘बटण मी स्वतः दाबलं.’

मला वाटत होतं तू पाकीट कोपऱ्यात फेकलं असशील. नाहीतर ‘नाही’ लिहून माझा सूड घेशील. सूड घेतला असतास तर बरं झालं असतं, फिटंफाट. तू सहा वर्षं माझ्याशी बोलत नाहीस, माझा फोन घेत नाहीस, आणि माझ्यासाठी खोटं लिहून देतेस. तुझ्या या वागण्याला काय म्हणायचं? मला बाईंसमोर रडू आलं. बाईंनी पाण्याचा ग्लास सरकवला, मी तो पाडला.

मग त्या म्हणाल्या, ‘आता माझी अडचण बघा. तुम्ही म्हणता तुम्ही दाबलं. त्या म्हणतात त्यांनी दाबलं. कंपनीचा वकील म्हणतो, बसणारीचाच शब्द धरा, धाकटीचं डोकं फिरलंय. मी कुणाचं धरू?’

मी म्हटलं, ‘तिनं माझ्यासाठी लिहिलंय. ती तशीच आहे. तिला लालच म्हणायचं होतं.’

‘ठामपणे सांगता? आठही वेळा त्या लाल म्हणाल्या?’

आठही वेळा, असं मी म्हणणार होते. आधी तसंच सांगितलं होतं. तुलाही पत्रात तसंच लिहिलं. आणि परत तेच म्हणायला तोंड उघडलं, तर पहिली घंटा आठवली.

कारण तसं नाही झालं, ताई. आता बसून घंटेमागून घंटा आठवली तेव्हा कळलं. तिसऱ्या घंटेपासून तू लाल म्हणायला लागलीस. दुसऱ्या घंटेला बहुतेक पिवळं म्हणालीस. आणि पहिल्या घंटेला तू काहीच म्हणाली नाहीस. मी विचारलं, ‘काय दाबू?’ तू म्हणालीस, ‘थांब जरा, बघते कसं वाटतंय.’ सगळ्यांची बटणं दाबून झाली होती. काचेच्या खोलीतून इंचसाहेब बघत होता. मी थांबले नाही. दाबलं हिरवं. ऑर्डरसाठी नाही, सुपरवायझरसाठी नाही, लाजेनंसुद्धा नाही. वेळ लागत होता म्हणून. पुढच्या सात वेळा मग बाकीची कारणं गोळा झाली. एकदा हिरवं दाबल्यावर पुढं लाल दाबायला लागतं तेवढं धाडस माझ्यात नव्हतं.

म्हणजे पहिल्या घंटेला तू काय म्हणाली असतीस, हे मला आजही माहीत नाही. तू सांगणार होतीस, मी ऐकलंच नाही.

हे सगळं बाईंना सांगितलं. त्या पेन खाली ठेवून बसल्या. म्हणाल्या, ‘मग त्यांच्यातर्फे काय लिहू?’

म्हटलं, ‘त्यांच्यातर्फे काही लिहू नका. मी पण काही सांगत नाही. तिलाच विचारा.’

‘तुमच्या विरुद्ध गेलं तर? त्या आपल्या शब्दावर राहिल्या तर खोट्या तुम्ही ठराल. चौकशी तिथंच मिटेल.’

‘ठरू द्या.’

‘आणि त्या मास्तरांचं?’

ते मास्तर मी बघितलेत, बाईंच्या ऑफिसबाहेर बाकावर बसले होते, पाय लांब करून. माझ्याकडे बघून ‘बसा’ म्हणाले आणि सरकले. म्हणून सांगते, माझ्यासाठी कसलाच विचार करू नकोस, ना वाचवायचा, ना बुडवायचा. तुझ्या अंगाला त्या दिवशी जे वाटलं तेवढंच. मी विचारलं, आधी खोटं लिहिलं म्हणून तिला काही त्रास होईल का? बाई म्हणाल्या, कागद दुरुस्त करता येतो, लोक करतात.

गुरुवारी त्या तुला फोन करणार आहेत, तुमच्याकडे सकाळचे दहा वाजतील तेव्हा. हे पत्र मी शुक्रवारी टाकीन. मुद्दाम. आधीची दोन तुला मिळाली की वाटेतच आहेत कळत नाही, त्यांत मी बरंच काही बोलून बसलेय. निदान यानं तरी तुझ्या कानाला लागायला नको. तू हे वाचशील तेव्हा तुझं बोलून झालेलं असेल. मला कळवलं नाहीस तरी चालेल. चालणार नाही, पण चालवीन.

निघताना दारातून परत वळले. म्हटलं, ‘बाई, एक सांगू? तुम्ही विचारलंत की ती लगेच बोलणार नाही. लाईन तुटली असं वाटेल. ठेवू नका.’

बाई म्हणाल्या, ‘किती वेळ धरू?’

म्हटलं, ‘ती बोलेपर्यंत.’

काडी